मॅडम, आधी तुम्ही

सिल्वासाला बदली होऊन मला तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा ती मांजरी माझ्याकडे आली. मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. नवरा मुंबईला नोकरीत. पंधरा दिवसांनी शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी परत जातो. बाकीचे दिवस घरात मी एकटीच.

शाळेच्या सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांखाली एका भटक्या मांजरीने तीन पिल्लं घातली होती. पिल्लं दूध सोडून इकडेतिकडे उड्या मारायला लागली आणि आई एक दिवस कुठे गेली ती परत आलीच नाही. तांबूस पिल्लू क्लार्कने नेलं. पांढऱ्या पायांचं आमच्या एका बाईंनी मुलीसाठी नेलं. तिसरं नखापासून शेपटीपर्यंत काळं होतं. ते कुणीच नेईना. एकीच्या घरी नवी सून आली होती, दुसरीच्या मुलाची परीक्षा होती, तिसरीने नुसतंच नको गं बाई म्हटलं. शेवटी शिपाई म्हणाला की तो संध्याकाळी जाताना नदीपलीकडे सोडून देईल.

पुढे मी सगळ्यांना सांगत आले की मला त्या पिल्लाची दया आली. खरं म्हणजे मला चीड आली होती. शाळेत, शिकलेल्या बायकांनी, रंगावरून एक जीव बाजूला काढावा याची चीड. त्या तिरीमिरीत मी ते पिल्लू खडूच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलं. नाव मात्र ठेवलं नाही. उद्या बदली झाली तर काय, असा विचार मनात होता.

मी राहते ती घरं बैठी आहेत. समोरासमोर दोन ओळी, मधे रिक्षा जेमतेम जाईल एवढी गल्ली. गल्ली संपते तिथे मोठा रस्ता, आणि तिथेच सकाळी साडेसहाला कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात. माझ्या बरोबर समोर धुळ्याकडचं एक जोडपं राहत होतं. तो प्लास्टिकच्या बादल्या आणि टब बनवणाऱ्या कारखान्यात मोल्डिंगच्या मशीनवर होता. ती घरी ब्लाउज शिवायची. पस्तिशीच्या आतबाहेरची माणसं, मूलबाळ नव्हतं. तो मला मॅडम म्हणायचा, ती ताई. मी तिला वहिनी म्हणत असे. तिने केलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा आठवड्यातून एकदा तरी माझ्या ताटात असायचा.

मांजरी मोठी झाली तशी बाहेर जायला लागली. तिची बाहेर पडायची वेळ आणि त्याची बस पकडायची वेळ एकच. ती माझ्या पायरीवरून उतरून त्यांच्या ओळीकडे जायची, आणि डबा हातात घेऊन निघालेला तो जागच्या जागी थांबायचा. रागवायचा नाही, तिला हाकलायचाही नाही. दुसरं कुणी गल्लीतून पुढे जाईपर्यंत नुसता उभा राहायचा. मग ती वाट मोकळी झाली असं धरून निघायचा. एकदा कुणीच आलं नाही आणि त्याची बस गेली. आठवडाभराने परत गेली.

दुसऱ्यांदा बस चुकली त्या दुपारी वहिनी आल्या. फार संकोचाने त्यांनी विचारलं की पावणेसातपर्यंत मांजर आत ठेवता येईल का. मी लगेच कबूल केलं, आणि बरेच दिवस ते पाळलंही. पण मांजर म्हणजे मांजर. दूधवाल्यासाठी दार उघडलं की पायांमधून सटकायची. अशा दिवशी मग एक युक्ती ठरून गेली. माझी शाळाही सकाळची. मी पर्स घेऊन बाहेर यायची, तो उभा असायचा, आणि म्हणायचा, "मॅडम, आधी तुम्ही." मी हसून पुढे व्हायची, त्याच्यामागोमाग तो. कोपऱ्यावर आम्ही दोघं आपापल्या दिशेला जायचो. मला त्यात गंमत वाटायची. त्याच्यावरचं संकट मी रोज स्वतःवर घेते आणि मला काही होत नाही, हे त्याला कधीतरी उमगेल असंही वाटायचं. एकदोनदा तसं बोलूनही दाखवलं. तो मान डोलवायचा.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशीपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रयोगाच्या नोंदवहीवर मुख्याध्यापकांची सही राहिली होती, इस्त्रीची साडी ऐनवेळी मिळेना. त्या धांदलीत स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली. मी कुलूप लावून वळले तर तो समोर डबा घेऊन उभा, आणि मांजरी गल्लीच्या मधोमध बसून पंजा चाटत होती. ती नुकतीच आडवी गेली होती.

तो म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही."

आणि का कोण जाणे, मी थांबले. म्हटलं, "नाही दादा. आज तुम्ही आधी. किती दिवस असं करणार? ते जनावर आहे, त्याला काय कळतं तुमचं नशीब? चला, मी तुमच्या मागे येते."

मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मांजराकडे. वहिनी दारात होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मग तो चालायला लागला. मी त्याच्या मागे. कोपऱ्यावर तो बसमध्ये चढला, आणि तपासणीच्या दिवशी आपण एक चांगलं काम केलं असं वाटून मी शाळेत गेले.

दुपारी घरी आले तर समोरच्या दाराला कुलूप. शेजारच्या घरातल्या आजींनी सांगितलं की त्याचा हात मशीनमध्ये गेला, वहिनींना कंपनीची माणसं दवाखान्यात घेऊन गेली. उजवा हात.

मी तशीच दवाखान्यात गेले. दोन बोटं गेली होती, तिसऱ्याचं पेर. तो ग्लानीत होता. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही. पाणी हवंय का विचारलं तर नको म्हणाल्या. तासाभराने मी उठले तेव्हा म्हणाल्या, "ताई, तुम्ही जा. मांजर बाहेर असेल." एवढंच. त्या शब्दांचा अर्थ लावत मी रिक्षात बसले आणि घरापर्यंत लावत राहिले. अजूनही मला तो नक्की लागलेला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येईल, पण सांगताना लाज वाटते. मुलांना मी कार्यकारणभाव शिकवत होते आणि घरी आल्यावर त्या मांजरीच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होते. ती मांडीवर यायला लागली की मी उठायची. नवरा शनिवारी यायचा तर गाडी वेळेवर आहे ना, असं चार-चारदा विचारायची. एकदा तो दारातून निघाला आणि ती त्याच्यासमोरून गेली, तर मी त्याला पाण्याच्या निमित्ताने परत आत बोलावलं. तो पाणी पिऊन गेला. मुंबईला पोचल्याचा फोन येईपर्यंत मी कणीक भिजवून तशीच ठेवली होती. स्वतःला बजावायची की हे खुळ आहे. खुळ आहे हे कळत होतं, म्हणून ते जात नव्हतं असं नाही.

तो घरी आला, हाताला मोठं बँडेज बांधून. मी भेटायला गेले की नीट बोलायचा, चहा करायला सांगायचा. त्या सकाळचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. तो विषय निघावा, त्याने मला चार शब्द सुनवावेत, असं मला फार वाटायचं. गल्लीतल्या लोकांनी मात्र सुनवलं. थेट नाही. मी जाताना बायका बोलता बोलता थांबायच्या. एकीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की शिकलेल्यांना काय, बोटं दुसऱ्याची जातात.

दिवाळीच्या चार दिवस आधी मोटरसायकलवरून एक माणूस आला. स्वच्छ कपडे, पायात चांगले बूट, बोलणं गुजराती वळणाचं. पायरीवर बसलेल्या मांजरीकडे बघत त्याने विचारलं की तिच्या अंगावर एकही पांढरा केस नाही ना. मी विचारलं, कशाला? एका पूजेसाठी हवी आहे, म्हणाला, अमावास्येच्या आधी. काय द्यायचं ते देतो. मी नाही म्हटलं आणि मांजरीला उचलून आत घेतलं. तो चिडला नाही. विचार करा, म्हणाला, आणि गाडी फिरवून गेला. त्याच्या त्या सभ्यपणाचीच मला भीती वाटली. दोन दिवस मी तिला घरात कोंडून ठेवलं, शाळेत जाताना खिडक्याही लावून गेले.

तिसऱ्या दिवशी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आवराआवर करून दुपारी घरी आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी निघालेली आणि घरात मांजर नाही. ताटलीतलं दूध तसंच होतं.

पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी खुर्चीत बसले आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. ते मिनिटभर टिकलं असेल. मग तो बूटवाला माणूस आठवला आणि माझे पाय गार पडले. मी गल्लीत घरोघर विचारत फिरले. मागच्या रस्त्यावर, गॅरेजच्या पाठीमागे, नाल्याच्या कडेला. नाव नसलेल्या मांजरीला हाक काय मारायची, तेही कळेना. कुणी पाहिली नव्हती. कुणाला फारसं वाईटही वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांत जावं की नाही या विचारात होते. अमावास्या त्याच दिवशी होती. तेवढ्यात वहिनी आल्या, दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाल्या, "ताई, त्या गाडीवाल्याने नाही नेली. मी नेली."

मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीने त्याला परत बोलावलं होतं. मशीनवर नको, दुसरं काहीतरी काम बघू, म्हणाले होते. तो रोज सकाळी कपडे करून दारापर्यंत जायचा, समोर पायरीवर किंवा खिडकीच्या काचेमागे ती दिसायची, आणि तो आत येऊन खाटेवर बसायचा. असं आठ दिवस झालं होतं. नवव्या दिवशी कंपनीने बोलावणं बंद केलं असतं. म्हणून त्यांनी काल मी शाळेत गेल्यावर खिडकीची कडी बाहेरून हलवून काढली, मांजरीला चेनच्या पिशवीत घातलं आणि खानवेलची बस पकडली. तिकडे झाडी आहे, पाणी आहे, जगेल, असं त्यांना वाटलं. "मारायची नव्हती ताई. ते माझ्याच्याने झालं नसतं," म्हणाल्या. माझी काल संध्याकाळची धावपळ त्यांनी दारामागून पाहिली होती. जेवण गेलं नव्हतं.

मला राग आला का? आला. पण काल खुर्चीत बसून मी जो श्वास सोडला होता तो मला आठवत होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की कुठे सोडली ते दाखवा.

आम्ही दोघी नऊच्या बसने निघालो. बसमध्ये दिवाळीचा बाजार करून परतणाऱ्या बायका होत्या, पायांत पिशव्या, मांडीवर पणत्यांच्या पाट्या. खेरडी मागे गेली तशी शेतं लागली, भाताची कापणी चाललेली. आम्ही बोललो नाही. रस्त्याच्या कडेला कुठे काही काळं दिसलं की माझं काळीज लककन हलायचं. एकदा ती जळलेली टायर होती. एकदा खरंच काहीतरी मेलेलं होतं, आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले. कुत्रं होतं ते.

खानवेलला उतरून त्यांनी मला झाडं सुरू होतात ती जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. आम्ही पाचोळ्यात चालत राहिलो, ये ये करत राहिलो. तीन कुत्री आमच्या मागे मागे आली. तासाभराने मी धीर सोडला होता. परत येताना चहाच्या टपरीवरच्या बाईला विचारलं तर तिने सहज सांगितलं की पिठाच्या गिरणीमागे एका घरी कालपासून एक काळी मांजर आहे.

त्या घराच्या अंगणात एक म्हातारी भात झोडत होती. शेजारी पेंढ्याच्या ढिगावर आमची मांजरी बसली होती, मजेत, डोळे अर्धे मिटून. मला रडू आलं. म्हातारीने काम न थांबवता विचारलं की तुमची आहे तर इथे कशी आली. वहिनींनी मान खाली घातली. मी म्हटलं, चुकून आली. म्हातारी हसली. तिच्या बोलीतलं मला सगळं कळलं नाही, पण रात्रीत दोन उंदीर धरले, राहू दे इथेच, असं ती म्हणत होती. मी विचारलं, काळी मांजर घरात ठेवायला भीती नाही वाटत? तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. वाटेत आडवं गेलं तर मीपण थांबते, म्हणाली, पण ही तर बसलेली आहे.

पिशवी पाहताच मांजरी पेंढ्यामागे पळाली. अर्धा तास ती माझ्या हाती लागली नाही. शेवटी म्हातारीनेच तिला मानेला धरून उचललं आणि माझ्या पदरात दिलं. परतीच्या बसमध्ये मी तिला पदरात गुंडाळून धरलं होतं. एका वळणावर ती निसटायला बघत होती तेव्हा वहिनींनी वरून हात ठेवला. त्यांचा हात थरथरत होता, पण सिल्वासा येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

तो दारातच बसला होता. आमच्याकडे आणि माझ्या पदराकडे बघून तो काय समजायचं ते समजला. वहिनी आत गेल्या. मी मांजरीला घरात ठेवून, दाराला कडी घालून परत बाहेर आले आणि त्याच्यासमोर पायरीवर बसले. मला आता राहवेना. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला जायला लावलं."

तो बराच वेळ बँडेज बघत राहिला. मग त्याने सांगितलं. मशीनला एक दरवाजा असतो. तो उघडला की मशीन आपोआप थांबायला हवं. पण दर वेळी थांबलं की माल कमी निघतो, म्हणून त्या दरवाजाचा स्विच वायरने बांधून टाकला होता. महिनाभर तसाच होता. सगळ्यांना ठाऊक होतं, सुपरवायझरला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. अडकलेला तुकडा काढायला तो रोज त्या उघड्या दरवाजातून हात घालत होता.

"मांजर काय करणार मॅडम," तो म्हणाला. "ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी मोकळा श्वास घेणार तेवढ्यात तो पुढे म्हणाला, अगदी शांतपणे, "पण त्या दिवशी तुम्ही आधी गेला असता, तर मी एवढा विचार करत मशीनवर उभा राहिलो नसतो. सकाळभर माझ्या डोक्यात तेच होतं. आज काहीतरी होणार, आज काहीतरी होणार. हात घातला तेव्हापण तेच होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी फक्त म्हटलं की मी चुकले. तो म्हणाला, नाही, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं. आतून वहिनींनी चहा आणला. तिघांनी तो पायरीवर बसून प्यायला. अंधार पडायच्या आत गल्लीत पणत्या लागल्या.

दिवाळीनंतर तो कामावर गेला. मालाच्या कोठारात, डाव्या हाताने नोंदी करायच्या. पहिल्या सकाळी मी सहा वाजल्यापासून मांजरीला न्हाणीघरात ठेवलं होतं. त्या दरवाजाच्या स्विचबद्दल कंपनीला लिहून द्यायला मी त्याला सांगितलं, अर्जही लिहून दिला. तो त्याने बरेच दिवस खिशात ठेवला आणि मग दिला. स्विच दुरुस्त झाला, असं नंतर म्हणाला. सुपरवायझर तोच राहिला.

कोठार अथालच्या बाजूला होतं, म्हणून संक्रांतीच्या सुमारास त्यांनी तिकडे खोली घेतली. सामान टेम्पोत चढलं त्या सकाळी मी मदतीला होते. शिलाई मशीन सगळ्यात शेवटी चढवली. वहिनी माझ्या गळ्यात पडल्या. तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता, पण टेम्पो सुरू करू देत नव्हता. मी विचारलं काय झालं, तर त्याने ओशाळं हसून माझ्या पायरीकडे बोट केलं.

"मॅडम, तेवढी तिला आत घ्या."

मी तिला उचललं आणि टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत छातीशी घट्ट धरून उभी राहिले. तिला ते आवडलं नाही, तिने माझ्या हाताला ओरखडा काढला. अथाल इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. तरी वहिनींचा फोन दुपारी आला, पोचलो, सामान लावलं, तेव्हा कुठे मी जेवायला बसले.